शेजारणींची दारं

"बस की गं जरा," असं डोरकास आत्याला म्हणणारा माणूस दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर नवखा समजावा. ती चहा उभ्यानं प्यायची. भाकरी चालता चालता खायची. चर्चमध्ये गेली तर सगळ्यात मागं उभी राहून या पायावरून त्या पायावर व्हायची. पाळकबाबा एकदा म्हणाले, "डोरकासबाई, देवाच्या घरात तरी टेका." तर ही म्हणाली, "तो स्वतः कुठं टेकलाय? सगळीकडं असतो म्हणता ना?"

ती माझी आतेसासू. माझे सासरे आन्द्रीस हे तिचे धाकटे भाऊ. ही भावंडं, माझा नवरा फ्लोरिस आणि मी, असे आम्ही चौघं एका गाढवगाडीवर राहायचो. मेंढ्यांची लोकर कातरत या फार्मवरून त्या फार्मवर जायचं आणि दिवस कलला की डांबरी रस्ता आणि तारेचं कुंपण यांच्यामधल्या पट्ट्यात पाल ठोकायचं. तो पट्टा कुणाचाच नसतो, म्हणून आमचा असतो. गाढवांची नावं मेमे आणि मिनिस्टर. मिनिस्टर अशासाठी, की खातो खूप, हलत नाही, आणि हललाच तर चुकीच्या बाजूला.

मी स्टोफडोर्पच्या वस्तीतली, चार भिंतींत वाढलेली पोर. लग्नानंतरची गाडीवरची पहिली संध्याकाळ मला अजून आठवते. गाडी थांबायच्या आत आत्या खाली उतरली. हात पाठीमागं बांधले, हातात गवताची काडी, आणि अंगठी हरवल्यासारखी वाकून माळ हुडकत निघाली. बरंच पुढं गेल्यावर ओरडली, "इथं!"

मी वळकटी नेऊन तिथं पसरली, तर माझ्या पायाशी एक भोक. गोल नव्हे, चंद्रकोरीसारखं. मऊ कणकेत नख रुतवावं तसं. त्याच्यापुढं ताज्या मातीचा पंखा पसरलेला. पलीकडं दुसरं भोक, त्याच्या पलीकडं तिसरं. आत्यानं गुडघे टेकले आणि काडी हळूच एका भोकात सरकवली. आतून आवाज आला, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा. मग दोन नांग्या बाहेर आल्या. रुंद, तपकिरी, खेकड्याच्या असाव्यात तशा.

मी अशी किंचाळले, की मेमेनं दाव्याला हिसडा मारला.

"ती तिच्या घरात आहे," आत्या म्हणाली. "तू बाहेर आहेस. ओरडायचं कुणी?"

"आत्या, विंचू आहे तो!"

"शेजारीण आहे. हिचे हात जाड, शेपूट बारीक. ज्याचे हात बारीक आणि शेपूट जाड, तो चोर. त्याला भी. तो रात्रीचा हिंडतो, धोंड्याखाली शिरतो, पांघरुणात शिरतो. ही दार सोडून जात नाही. हिची ख्यालीखुशाली विचार आणि अंथरूण घाल."

फ्लोरिस पोट धरून हसत होता. "लग्नाचा आहेर समज."

"आहेर परत करता येतो का?"

"सासरचा आहेर आहे, सूनबाई," सासरे म्हणाले. "तो अंगावरच घालायचा असतो."

मग हळूहळू कळलं. कारूत पाऊस पडत नाही, आणि पडतो तेव्हा भलतीकडंच पडतो. तिकडं डोंगरामागं पडतो आणि इकडं कोरड्या ओढ्याला एकाएकी लोंढा येतो. वर चांदणं असतं आणि खाली झोपलेली माणसं वाहून जातात. गाडीवाल्यांच्या प्रत्येक घराण्यात अशी एक तरी गोष्ट आहे. आत्याची आई सांगायची, की पाणी शिरतं त्या जमिनीत शेजारीण घर करत नाही, आणि केलं तर ते टिकत नाही. जिथं तिचं दार, तिथं आपलं पाल. चूल दारापासून लांब, दारात पाणी ओतायचं नाही, दारावर जू टाकायचं नाही. दुसरे गाडीवाले आम्हाला हसायचे. हसायचे आणि आमच्या शेजारी येऊन गाढवं सोडायचे.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, म्हणतात. म्हणणाऱ्यानं ही बघितलेली नाही. ही कडक माती तोंडानं उकरते आणि पायांनी मागं फेकते. घर खाली खाली वळत जातं, जिन्यासारखं. त्यात ती अख्खा जन्म काढते. अंग वाढेल तसं दार रुंद करते. दिवस मावळला की उंबऱ्यात येऊन बसते, दारावरून किडा गेला की त्याला आत ओढते. पाठीवर घेते ती फक्त पोरं, तीही नवी असेपर्यंत. बिऱ्हाड पाठीवर होतं ते आमचं.

आणि अशा घरबशीची ही शिष्या! सासरे तिला डिवचायचे, "अक्का, जन्मभर तिच्या दारात नाक खुपसलंस, बसायला तेवढी शिकली नाहीस."

"ती बसते म्हणून मी हिंडते. दोघींपैकी एकीनं तर हिंडायला हवं."

खरं म्हणजे तिच्यासाठी एक घर होतं. स्टोफडोर्पच्या वस्तीत, तिच्या नावावर. एक खोली, एक मोरी, पत्र्याचं छप्पर. सरकारी वाटपात मिळालेलं. त्यात आमच्या नात्यातल्या कुणाच्या तरी कोंबड्या राहत होत्या. आत्याचं वय झालं होतं. किती झालं विचारलं तर म्हणायची, "मेंढ्यांना विचार, त्या मोजतात." पण मागच्या हंगामात तिच्या हातून कातर निसटून एका मेंढ्याचा कान कापला गेला, तेव्हापासून सासऱ्यांनी धोसरा लावला होता.

"अक्का, आता पुरे. घर आहे, दार आहे, नळ आहे."

"मेले की ठेव तिथं. तोवर कोंबड्यांना राहू दे."

"तू पडशील एक दिवस गाडीवरून."

"मग उचल. भाऊ कशाला असतो?"

हे रोजचं. दोघं बोलायची हसत, पण मला कळत होतं, सासऱ्यांचं आता हसण्यावारी नव्हतं. आणि आत्यालाही ते कळत होतं. घर म्हटलं की तिच्या पायाची बोटं बुटात हलायची.

फेब्रुवारीतली, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातली गोष्ट. माझे दिवस भरत आले होते. वितक्रान्सच्या फार्मवर मेंढे कातरून झाले की मला स्टोफडोर्पला सोडायचं, असं ठरलं होतं. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. भर दुपारी डावं टायर फाटलं. त्यात कोंबलेलं गवत वजडीसारखं बाहेर लोंबायला लागलं.

"झालं," फ्लोरिस म्हणाला. "फार्मवरून दुसरं आणावं लागेल. मी जातो चालत. सकाळी येतो."

"आणि ही?" सासऱ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"तिला सोबत नेऊ का खांद्यावर? दोघं आहेत ती."

तो गेला. आम्ही फाटक्या चाकावर खुरडत थोडं पुढं गेलो, तर एका कोरड्या ओढ्याच्या कडेला चांगला सपाट पट्टा लागला. सासरे उतरले, दोन पावलं चालले आणि ओरडले, "अक्का! अगं इथं तर अख्खं गाव वसलंय!"

खरंच होतं. एवढी दारं मी एका जागी कधी बघितली नव्हती. पाऊल ठेवायला जागा हुडकावी लागत होती. आत्यानं काडी काढली. एका दारात घातली, आतून फिस्स. दुसऱ्या दारात, फिस्स. "चालेल," ती म्हणाली. हो, तिनंच म्हटलं. सासऱ्यांनी लगेच गाढवं सोडली, पाल बांधलं, किटली चढवली. मी आडवी झाले. पाठीतून कळा मारत होत्या, बाळाच्या नव्हेत, गाडीच्या.

आणि आत्या फिरायला लागली.

ती नेहमीच फिरायची. पण हे फिरणं वेगळं होतं. चार पावलं जायची, थबकायची, वळायची. ओढ्यात उतरायची, वर चढायची. चहा ओतून दिला तो तिनं एका दगडावर ठेवला आणि विसरून गेली. मग पाहते तर ती पालथी पडलेली, गाल मातीला लावून, आणि एकेका दारात दोन बोटं घालून बघतेय.

"काय करतेय ही?" मी विचारलं.

"हात मिळवतेय," सासरे म्हणाले. "घर बघायला आलीय, भाडं ठरवेल आता."

आत्या उठली. पदराएवढं मोठं डोक्याचं फडकं सोडून परत बांधलं. "आन्द्रीस, आई इथं थांबायची का रे?"

"मला काय ठाऊक? मी तिच्या पाठीवर असायचो. मला तिची मान दिसायची."

"ती इथं कधी थांबली नाही. गाढवांना पाणी पाजायलासुद्धा नाही. हा ओढा आला की चाबूक काढायची."

"असेल घाईत."

"तेव्हा इथं एकही दार नव्हतं."

"आता आहेत. झालं की."

"आहेत, पण सगळ्या तरण्या." ती परत वाकली आणि बोटं दाखवली. "हे बघ, दोन बोटं. हे दोन बोटं. ते दोन बोटं. तीन बोटांचं दार एक नाही. दारातली माती झुडपानं धरलीय, असं एक नाही. म्हातारी नसलेलं गाव बघितलंयस कधी? हे गाव नवं आहे. आत्ता आत्ता वसलंय."

सासरे चहा फुंकत होते. "तरण्या शेजारणी. मला चालतील."

आत्यानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. ती ओढ्याच्या वरच्या अंगाला बघत होती. तिथं, दोन टेकड्यांच्या गळ्यात, मातीचा एक सरळ आडवा बांध होता. त्यावर धड गवतही उगवलं नव्हतं. आणि त्याच्याही पाठीमागं, डोंगरावर, शाई सांडल्यासारखा ढग. आमच्या डोक्यावर ऊन.

"ही जमीन मुळातली कोरडी नाही," ती म्हणाली. "पाणी अडवून धरलंय. गाढवं जुंप."

"काय?"

"वर खडकावर जायचं."

"अक्का, भिंत पाणी अडवायलाच बांधतात."

"मातीची आहे."

"शेजारणींवर भरवसा ठेव, हे जन्मभर कोण सांगत आलं?"

"मी."

"मग आता त्या खोट्या?"

"खोट्या नाहीत, फसल्यात. आपण केलं तेच त्यांनी केलं. कोरडं बघितलं, घर मांडलं."

सासरे उठले. त्यांचा आवाज चढला. "ही पोर दिवस भरलेली. तिला त्या खडकावर चढवणार? तिथं धोंड्याधोंड्याखाली चोर राहतात, जाड शेपटाचे. तूच सांगतेस. इथं एवढ्या शेजारणी सोडून तिथं? डोकं फिरलंय तुझं उन्हानं. ह्यासाठीच म्हणतो मी, घरात बस."

आत्या माझ्याकडं वळली. "तू काय म्हणतेस?"

काय म्हणणार? मला झोप हवी होती. मी म्हणाले, "मला उठवू नका, एवढंच."

ती खाली बघून दोन्ही पाय आळीपाळीनं उचलत राहिली. आणि मग तिनं ते म्हटलं. "बरं. पाणी आलं नाही, तर मी स्टोफडोर्पला जाऊन त्या घरात बसते. खरंच बसते. तू 'चल' म्हणेपर्यंत गाडीला हात लावणार नाही."

"मी कशाला म्हणतोय चल!"

"मग तर तुझा फायदाच आहे. गाढवं जुंप."

सासऱ्यांनी गाढवं जुंपली. ते पडत नसतात असल्या पैजांत, पण ही त्यांनी घेतली. आत्यानं मला हाताला धरून चढवलं. तिनं काय लावलंय पणाला, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

वर खडक. खुंटी रुतेना, पाल वाऱ्यानं फडफडून उडालं ते मेमेच्या पाठीवर जाऊन बसलं. जळण नाही. चहाला नुसता धूर लागला. आत्या काठीनं एकेक धोंडा उलटत होती. चोर सापडले, दोन तर माझ्या उशाजवळच. तिनं ते चेचले. वाऱ्याच्या बाजूला तिनं दोन्ही गाढवं उभी केली आणि त्यांच्या आडोशाला मला निजवलं. लांब गडगडत होतं. सासरे पाठ फिरवून कुशीवर पडले आणि घोरायला लागले. आत्या कडेवर उभी राहून खालचा ओढा ऐकत होती. मी डोळे मिटले तेव्हा तशी होती, उघडले तेव्हा तशीच.

पाणी आलं नाही.

सकाळी ओढा राखेसारखा कोरडा होता. फ्लोरिस टायर घरंगळवत आला, तर खाली आमच्या चुलीची राख आणि आम्ही कुणीच नाही. तो बिचारा माझं नाव घेऊन हाका मारायला लागला. सासरे कडेला जाऊन उभे राहिले, तोंडाशी हात धरले आणि ओरडले, "वर ये रे! आम्ही बुडालोय!"

एवढे हसले, एवढे हसले, की खोकला लागला. आत्यानं त्यांना पाणी दिलं.

वितक्रान्सला तिनं मेंढे कातरले. एका कानाला ओरखडा नाही. कातर पुसली, तेल लावलं, गाठोड्यात बांधली. स्टोफडोर्पला पोचल्यावर गाठोडं उचललं, घरात गेली आणि कोंबड्यांना म्हणाली, "चला बायांनो, तुमचे दिवस भरले."

बाळंतपणासाठी मीही तिथंच राहिले. त्यामुळं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. ती खिडकीपासून दारापर्यंत चालायची आणि दारापासून खिडकीपर्यंत. "सुरू होतं न होतं तोच संपतं हे," म्हणायची. नळ सोडून बघायची, बंद करायची. भिंतीला हात लावून चालायची, गाढवाला लावावा तसा. दवाखान्यात माझी मुलगी झाली. तिला घेऊन आत्या चालायला लागली, तेव्हा त्या चालण्याला जरा अर्थ आला.

आणि एक दिवस संध्याकाळी मी मोरीतून बाहेर आले, तर आत्या बसलेली. मी तिला बसलेली पहिल्यांदाच बघत होते. उंबऱ्यात, पाय आत, तोंड बाहेर, दोन्ही हात दोन बाजूंना टेकवून. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

गल्लीतून एक म्हातारी चालली होती. आत्यानं तिची बाहीच धरली. "ये आत. चहा घे."

"अगं, मी दुकानात निघालेय."

"दुकान पळून जातं का? ये."

रोजचंच झालं ते. दारावरून जाईल त्याला आत ओढायचं, चहा पाजायचा आणि विचारायचं, कुठून आलास, वाटेत ओढ्याला पाणी आहे का, पवनचक्की फिरतेय का. लोक मागच्या गल्लीनं जायला लागले. "इथल्या शेजारणी दारं लावून घेतात," ती मला म्हणाली. "काडी घालायलासुद्धा फट ठेवत नाहीत."

पोरीनं मान धरल्यावर फ्लोरिस मला न्यायला आला. सासरे गाडीवरच बसून राहिले. आत्या फाटकापर्यंत आली, हात पाठीमागं बांधलेले. गाडीला हात लावला नाही. मेमेनं नाक पुढं केलं, तेव्हाही नाही.

मला मात्र बाजूला घेतलं. "बोटं घालून बघत जा. तीन बोटांची म्हातारी असेल तिथंच उतरा."

"बोटं घालू? आत?"

"हळू घाल."

"आणि चावली तर?"

"तर घरी आहे असं समज."

आता जागा सासरे निवडायला लागले. पहिल्याच संध्याकाळी पुष्कळ दारं असलेली जागा सापडली. "उतरा!"

"म्हातारी आहे का यांच्यात?" मी विचारलं.

"सूनबाई, तुलाही लागण झाली का?"

मी बोटं घातली. आतलीनं असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं. सासरे खूश झाले. पण जेवण झालं, आम्ही आडवे झालो, आणि थोड्या वेळानं मला पावलं ऐकू आली. मला वाटलं आत्या. मग आठवलं, की ती नाही. सासरे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मिनिस्टरचं दावं बघतोय."

ते आले तर फ्लोरिस उठला. तो आला तर मी. त्या रात्री तिघांनी मिळून मिनिस्टरचं दावं किती वेळा बघितलं, ते मिनिस्टरलाच ठाऊक. इतकी वर्षं आम्ही गाढ झोपायचो, कारण एक जण फिरत असायचं. आमची काळजी ती एकटी चालून संपवायची. आता ती काळजी आमच्यात वाटली गेली होती, आणि आम्हाला तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. ठोकलेलं पाल उपटून आम्ही दुसरीकडं न्यायचो. तिथून तिसरीकडं. ढग दिसला की भांडण, ढग नसला की जास्त भांडण. सासऱ्यांनी झोपेच्या डोळ्यांनी कातरताना स्वतःच एका मेंढीचा कान कापला. फार्मचा मालक काय म्हणाला ते सोडा. सासरे त्यावर काहीच बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

एका सकाळी त्यांनी गाढवं जुंपली. रस्त्याला लागलो, तर मिनिस्टर वळला तो थेट उलटा. स्टोफडोर्पकडं.

"बाबा," फ्लोरिस म्हणाला, "मिनिस्टर चुकीच्या बाजूला चाललाय."

"जाऊ दे," सासरे म्हणाले.

आत्या उंबऱ्यात बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. नुसतं म्हणाली, "टायर बरं चाललंय."

"हो," सासरे म्हणाले. खाली उतरले. टोपी काढली, घातली. "कोंबड्या दिसत नाहीत."

"गेल्या. त्यांना माझ्याबरोबर करमेना. चहा घेणार?"

"नको." त्यांनी मिनिस्टरचा लगाम सारखा केला. "मिनिस्टर ऐकत नाही."

"त्यानं कधी कुणाचं ऐकलंय?"

"झोप लागत नाही."

"कुणाला? मिनिस्टरला?"

"सगळ्यांना."

मी पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. सासरे रस्त्याकडं बघत ओठातल्या ओठात म्हणाले, "चल."

"काय म्हणालास?"

"ऐकू आलंय तुला."

"नाही बाबा. भिंतींना कान असतात, मला नाहीत."

"चल म्हणतोय!" सासरे असे ओरडले, की गल्लीतली दोन दारं उघडली.

आत्या उठली. दाराआड हात घातला. कातरीचं गाठोडं तिथंच होतं, बांधलेलं, गाठीवर कोंबडीचं पीस अडकलेलं. सोडलंच नव्हतं तिनं ते. दार ओढून घेतलं, कडी घातली नाही. "कुणाच्या कोंबड्या आल्या तर येऊ देत," म्हणाली. गाडीजवळ येऊन आधी मेमेच्या कपाळाला हात लावला, मग मिनिस्टरच्या, मग गाडीच्या.

वितक्रान्सचा हंगाम परत आला, तेव्हा तोच ओढा लागला. दिवस कलत होता. पोरगी आत्याच्या पाठीवर फडक्यात बांधलेली. वरचा बांध तसाच उभा होता, आता त्यावर गवत होतं. मागं पाणी साठलं होतं आणि त्यात बदकं. खालच्या पट्ट्यात शेजारणी आपापल्या उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या. मिनिस्टरनं सवयीनं पाय आवरते घेतले.

"कोरडं आहे अजून," सासरे म्हणाले.

"आहे," आत्या म्हणाली.

"दारं वाढलीत."

"वाढलीत की."

सासऱ्यांनी त्या पट्ट्याकडं नीट बघितलं, मग बांधाकडं, मग जिभेनं टकटक करून लगाम ओढला आणि गाडी पुढं काढली. थेट वर, खडकावर. कुणाला विचारलं नाही. उतरले, काठी घेतली आणि धोंडे उलटायला लागले. एक चोर निघाला, तो चेचला. मग गाडीच्या तळातून पोतं काढलं. त्यात खडकाच्या फटीत बसतील अशा लोखंडी मेखा होत्या. कधी घेतल्या होत्या, कुणास ठाऊक.

"इथं वारा बरा आहे," ते मेखेला म्हणाले आणि घाव घातला.

पाल उभं राहिलं आणि टिकलं. चहा झाला. आत्यानं तो उभ्यानं प्यायला, पोरगी माझ्याकडं दिली आणि काठी उचलली.

"आता कुठं निघालीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघून येते."

"मी बघितलंय सगळं."

"मग परत बघते."

सासऱ्यांनी टोपी तोंडावर ओढली. आत्याची पावलं अजून पालाच्या पलीकडं गेलीही नव्हती, तोवर ते घोरत होते.